डावा कान

ऑर्व्हिएतो, ९ नोव्हेंबर १९११

क्विरिनो,

भाच्याला पत्र लिहिताना आधी आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून लिहिला असं समज. खराखुरा शोधायला गेलो तर या घरात तुझ्या वाट्याचा एकही सापडत नाही.

तुझा पत्ता कुठून मिळाला ते विचारू नकोस. साडेतीन वर्षांत तो कळवावा असं तुला वाटलं नाही. आम्ही काही बेपत्ता झालो नव्हतो. त्याच गल्लीत, त्याच तळघराच्या वर राहतो आहोत.

झेलिंदा गेली. सप्टेंबरच्या चौदा तारखेला, हिवतापाने. तेवीस वर्षांची होती. तुझ्या सख्ख्या मामाची मुलगी, आणि तुझं तिच्याशी ठरलं होतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, म्हणून तुला कळवणं माझ्यावर आलं. कळवलं.

आता कामाचं. तुझी मामी दोन वर्षांपूर्वी आंधळी झाली. मोतीबिंदू होता, पेरुजाच्या डॉक्टरने कापला आणि होतं नव्हतं ते घालवलं. तेव्हापासून आर्जा माणसं हातांनी बघते. मी घरात आलो की माझं नाक चाचपते, आणि वाइनचा वास आला तर कानफटात देते. झेलिंदाचा चेहरा ती रोज झोपायच्या आधी चाचपायची. आता हात रिकामे झाले. परवा शेजारणीच्या पोरीचा चेहरा कुरवाळत बसली आणि सोडीचना, तेव्हा ती पोर किंचाळत पळाली.

झेलिंदाचा फोटो नाही. "लग्नात काढू, दोघांचा एकदम," म्हणायची. या जगात तिचा चेहरा एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण तुझ्या मालकाच्या, त्या जर्मन कॉन्सुलच्या घरात आहे. तिच्यावरून ते डोकं मी पाल्या नदीच्या मातीचं घडवलं. दोन महिने ती तळघरात माझ्यासमोर कुडकुडत बसली होती. मग भट्टीतून काढलं आणि धंद्याची रीत म्हणून फोडलं, कारण जमिनीतून अख्खी वस्तू निघाली तर शहाणं गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही. हातोडी तुझ्या हातात होती. कपाळावर घाव घालायला तू धजेनास, तो मी घातला. ती दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, निदान तुम्ही दोघं डोळे तरी मिटा." सतरा तुकडे झाले. सोळा जोडले, एक रिवाजाप्रमाणे मागे ठेवला, जुनं दिसावं म्हणून महिनाभर शेणात पुरलं, आणि तू ते रोमच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या राजकन्येचं डोकं म्हणून उत्तरेला घेऊन गेलास. "द्राक्षं काढायच्या वेळेला येतो, मग लग्न," म्हणालास. कोणत्या वर्षीची द्राक्षं, ते विचारायचं आमच्या लक्षात आलं नाही.

ते डोकं एक महिना पाठव. कायमचं मागत नाही. मामी एकदा हातांनी बघेल, मग परत नेऊन ठेव काचेत. ती फार दिवसांची सोबती नाही, आणि तिने दुसरं काही मागितलेलं नाही.

सेत्तिमिओ


ल्यूबेक, २४ नोव्हेंबर १९११

आदरणीय मामा,

आपलं पत्र वाचून किती वेळ तरी मी खुर्चीवरून उठलो नाही. बिचारी झेलिंदा! देवाच्या मनात काय असतं ते आपल्याला कुठं कळतं? तिच्या नावाने मी इथल्या देवळात मेणबत्ती लावली. इथलं देऊळ आपल्या पंथाचं नाही, पण मेणबत्ती चांगली मोठी होती.

मी आलो नाही, लिहिलं नाही, हे खरं. परक्या देशात पाय रोवताना माणसाचं काय होतं ते घरी बसून समजत नाही. आता मी कॉन्सुल वेसलिंग यांच्या सगळ्या संग्रहाचा रखवालदार आहे. तीन दालनं, चारशे वस्तू, आणि किल्ल्या माझ्या कमरेला. पॅरिसहून, लंडनहून लोक येतात, तेव्हा त्यांना फिरवून दाखवणारा मीच.

आणि मामा, ते सगळे पहिल्यांदा तिच्यासमोरच उभे राहतात! तिला इथे सगळे 'राजकन्या' म्हणतात. बर्लिनचे डॉक्टर राबे तिच्यावर ग्रंथ लिहीत आहेत. ते आपली भाषा अस्खलित बोलतात, रोमला दरवर्षी येतात. त्यांच्या मते ती चोवीसशे वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्या ओठांवरचं हसू मृत्यूला न भिणाऱ्या जातीचं आहे. मला हसू आवरेना. ते हसू कशाचं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. तिला थंडी वाजत होती आणि तुम्ही ओरडत होता, "तोंड मिट, दात वाजतायत तुझे!"

तर अशी वस्तू काचेतून काढून महिनाभर ऑर्व्हिएतोच्या स्वयंपाकघरात कशी पाठवायची, तुम्हीच सांगा. पण मी अगदीच कृतघ्न नाही. सोबत राजकन्येचा उत्तम फोटो पाठवतो आहे, समोरून घेतलेला. मामीला द्या.

एक बारीकशी चौकशी. मागे ठेवलेला तो तुकडा, डावा कान, अजून घरात आहे का? असला तर कोणाच्या हाती पडू देऊ नका. खरं तर त्याचा चुरा करून टाकलात तर माझी झोप सुधारेल.

आपला भाचा,
क्विरिनो


ऑर्व्हिएतो, १२ डिसेंबर १९११

क्विरिनो,

आंधळीला फोटो पाठवलास. वा रे पठ्ठ्या! पुढच्या वेळी एखादा आरसाही पाठव.

पाकीट फोडताना मला वाटलं, न सांगता फेकून द्यावा. पण तिने कागदाचा आवाज ऐकला. "क्विरिनोने काय पाठवलं?" मी म्हटलं, चित्र. तिने ते मांडीवर घेतलं आणि चारी कोपऱ्यांपासून बोटं फिरवायला लागली. बराच वेळ. मग मला विचारते, "ह्यात नाक कुठंय?" मी तिचं बोट धरून नाकावर ठेवलं. ती म्हणाली, "सपाट आहे रे." त्यानंतर दोन दिवस जेवली नाही.

आता कानाचं. तू शिकाऊ असताना मीच सांगितलं होतं ते आठवतंय ना? वस्तू विकली तरी एक तुकडा घरात ठेवायचा. दोन वर्षांनी तो 'सापडला' म्हणून त्याच गिऱ्हाइकाला गाठायचं, आणि गिऱ्हाईक आधीच्यापेक्षा जास्त मोजतं, कारण आता त्याला उणीव सहन होत नाही. चाळीस वर्षं हेच केलं. पण झेलिंदाचा कान मी विकणार नाही आणि चुराही करणार नाही. तो आर्जाच्या एप्रनच्या खिशात असतो. संध्याकाळी चूल विझली की ती तो काढते आणि त्याच्यात बोलते. आज काय शिजवलं, कोण मेलं, द्राक्षाच्या वेलांना कीड लागली, सगळं. मी बाहेर पायरीवर जाऊन बसतो.

ज्याला मोल नाही त्याचा चुरा करायचा, हे तू माझ्याकडूनच ऐकलंस. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा मी वुल्चीच्या खोदकामावर होतो. थडग्यातून रंगवलेलं भांडं निघालं की मुकादम घ्यायचा, आणि साधं काळं निघालं की आम्ही बुटांनी तुडवायचं, म्हणजे बाजार पडत नाही. मालकाचा हुकूम. बायाबापड्यांनी पोरांसाठी एखादी वाटी मागितली तरी द्यायची नाही. एका दिवसात मी दोनशे भांडी तुडवलेली आहेत. पण ती कोणाच्या लेकीचं डोकं नव्हती.

म्हणून नीट ऐक. ईस्टरला तुझे राबे डॉक्टर रोमला येतील. मी म्हातारा असलो तरी रोमची गाडी मला पकडता येते, आणि कान खिशात मावतो. तो डोक्याला बसतो की नाही ते त्यांना दिसेलच. माती कुठली, भट्टी कुठली, मी तोंडी सांगेन. ते नको असेल तर डोकं एक महिना पाठव.

सेत्तिमिओ


ल्यूबेक, ३ जानेवारी १९१२

माझे प्रिय मामा,

रागावू नका. फोटोची चूक झाली. माझ्या डोक्यात मामी अजून डोळस आहे, रविवारी कोंबडी सोलता सोलता मला शिव्या घालणारी. ती 'सपाट आहे रे' म्हणाली ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मी इतका नीच नाही हो.

मार्ग काढला आहे. कॉन्सुलसाहेबांना सांगितलं की ऑर्व्हिएतोजवळ शेत नांगरताना एक कान सापडला आहे, आणि तिथल्या एका जुन्या डागडुजीवाल्याकडे तो आहे. साहेब खुर्चीतून उठलेच! रोज विचारतात. त्यांचं म्हणणं, आधी कान इथे यावा, राबे डॉक्टरांनी तो लावून पाहावा. बसला, तर पक्का जोडायचं काम त्याच डागडुजीवाल्याला द्यायचं, म्हणजे तुम्हाला! मग मी स्वतः डोकं पेटीत घालून मांडीवर घेऊन येईन. मार्चमध्ये, वेलांना फूट यायच्या आत. एक महिना काय, दीड महिना ठेवू. मामीने पोटभर बघावं.

झेलिंदाच्या आत्म्याची शपथ, मामा. आई मारियाची शपथ. फक्त कान आधी पाठवा. कापसात गुंडाळून, नोंदणी करून.

मलाही तळघरात एकदा येऊन बसायचं आहे.

तुमचाच,
क्विरिनो


ऑर्व्हिएतो, २१ जानेवारी १९१२

क्विरिनो,

पाठवला. कापसात, वर लोकर, वर डबा.

सहज झालं नाही. मामीला सांगितल्यावर तिने खिशावर हात घट्ट धरला आणि चार दिवस काढू दिला नाही. झोपेतही धरलेला. मी म्हटलं, अगं, कान देऊन अख्खं डोकं येतंय. ती म्हणाली, "क्विरिनो आणणार? द्राक्षांच्या वेळेला?" मी म्हटलं, शपथ घेतली आहे त्याने, झेलिंदाच्या आत्म्याची.  पाचव्या दिवशी कान तोंडाजवळ नेऊन काहीतरी पुटपुटली आणि माझ्या हातावर ठेवला.

मीही आता म्हातारा झालो. भांडायची उमेद राहिली नाही. तू शब्द दिला आहेस, तो पाळशील असं धरून चालतो. खालची खोली झाडून घेतली आहे.

पोचल्याचं कळव. बसला का, तेही.

मामा सेत्तिमिओ


ल्यूबेक, २६ फेब्रुवारी १९१२

आदरणीय मामा,

बसला! केसाएवढी फट नाही. राबे डॉक्टरांनी भिंगातून पाऊण तास पाहिलं आणि मग चक्क माझा हात हातात घेतला. म्हणाले, शंका घेणाऱ्यांची तोंडं आता कायमची बंद. कान त्यांनी स्वतःच, इथल्या इथे, पक्का जोडला.

तेव्हा जोडायचं काम उरलं नाही, आणि डोकं ऑर्व्हिएतोला यायचं कारणही उरलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणा. मी प्रयत्न केला असता, पण कॉन्सुलसाहेब आता तिला दुसऱ्या दालनातही हलवू देत नाहीत.

मामा, आपण दोघंही धंद्यातली माणसं आहोत, तेव्हा स्पष्ट बोलू. तुमच्याकडे आता कान नाही. दाखवायला काही नाही. रोमला जाऊन तुम्ही राबे डॉक्टरांना काही सांगू लागलात, तर ते तुम्हाला बाहेरच्या बाकावर बसवतील आणि नोकराकडून पाव देववतील. युरोपभरच्या पंडितांनी ती चोवीसशे वर्षांची ठरवली आहे. आता ती तुमची झेलिंदा नाही, आणि होती हे सांगणाऱ्याला लोक वेडा म्हणतील.

ईस्टरनंतर माझं लग्न आहे. कॉन्सुलसाहेबांची धाकटी मुलगी, हेडविग. तुम्हाला बातमी बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

मामीला सांगा, मी तिची आठवण काढतो. चाचपायचंच असेल तर मठात अनाथ मुली पुष्कळ आहेत. वीस-बावीस वर्षांच्या मुलींचे चेहरे हाताला साधारण सारखेच लागतात.

क्विरिनो


ऑर्व्हिएतो, ४ मार्च १९१२

क्विरिनो,

बसला ना? बसणारच. मी जानेवारीत नवा केला.

खरा कान मामीच्या एप्रनमध्ये आहे. तो तिथून एक दिवसही हलला नाही. चार दिवस खिसा धरला, तोंडाशी नेला, ते मी तुझ्यासाठी लिहिलं. तू वाचून हसला असशील. हसण्यासाठीच लिहिलं होतं. खऱ्यावरून साचा काढला, जुनीच माती भिजवली, तुटीची कडसुद्धा कणाकणाने उतरवली. एक डोकं, दोन डावे कान. दुसरा पाहायचा असेल तर तुझ्या डॉक्टरांनी इकडे यावं, वाइन पाजतो.

आणि इतक्या लांब यायचं नसेल तर आहे तोच पाळीशी कापून बघायला सांग. आत एक बटण आहे. तुझ्या पलटणीच्या कोटाचं. निघताना तुटलं होतं, तू ते झेलिंदाला दिलंस आणि म्हणालास, "परत आलो की शिव." तिच्या उशीखाली सापडलं. मंद आचेवर भाजलं म्हणून वितळलं नाही, आकडा स्वच्छ वाचता येईल. हे सगळं राबे डॉक्टरांना आजच वेगळ्या पत्राने कळवलं आहे. आपली भाषा त्यांना अस्खलित येते, हे तूच सांगितलंस ते बरं झालं.

आता पत्त्याचं. कोर्नेतोचा दलाल पेट्या उत्तरेला पाठवतो, आणि गिऱ्हाइकांचे पत्ते सख्ख्या भावालाही सांगत नाही. मला तीन वेळा हाकललं. ऑगस्टात झेलिंदा मला न सांगता त्याच्याकडे गेली. ऑगस्टात हिवतापाच्या भीतीने त्या दलदलीकडे कुत्रं फिरकत नाही. ती नऊ दिवस त्याच्या ओट्यावर बसून राहिली, डासांत. दहाव्या दिवशी त्याने कंटाळून चिठ्ठीवर तुझा पत्ता लिहून दिला. ती चिठ्ठी मुठीत घेऊन, तापाने फणफणत घरी आली. "लिही की आता," मी म्हटलं. "बरी झाले की लिहीन," म्हणाली, "आत्ता अक्षर वाईट येईल." त्या चिठ्ठीवरून मी तुला लिहितो आहे. तिला अक्षर चांगलं काढायचं होतं रे, मेल्या. तुझ्यासाठी!

माझं वैर तुझ्याशी होतं, ते फिटलं. डोकं मात्र मला हवं आहे. खोटं ठरलेली वस्तू काचेत कोणी ठेवत नाही. आता ती तुमच्या लेखी फुकटची माती आहे. कॉन्सुल फेकून देईल तेव्हा उचल आणि पाठव. एवढं केलंस तर तुझ्या नावाने मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

सेत्तिमिओ


ल्यूबेक, २८ मार्च १९१२

सेत्तिमिओमामा,

तुमचं पत्र डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. वीस माणसं होती. हेडविग माझ्या शेजारी होती. बारीक करवत मागवली, माझ्याकडून काच उघडवून कान डोक्यापासून सोडवून आणला, टेबलावरच कापला, बटण माशाच्या ताटलीत पडलं. कॉन्सुलसाहेबांनी ते रुमालाने पुसून दिव्याजवळ धरलं आणि मला विचारलं, "ही राजकन्या कोणत्या पलटणीत होती?" सगळे हसले. हेडविगही हसली. आधी तीच हसली.

मला वाटलं, आता शिव्या देतील.  साहेब उठले, काठी घेतली, दालनात गेले. आम्ही मागोमाग. काच उघडायची किल्ली माझ्याजवळ होती, पण या वेळी त्यांनी ती मागितलीसुद्धा नाही. काचेसकट मारलं. मग खाली पडलेल्यावर मारलं. मग बुटांनी. सत्तर वर्षांचा माणूस, पण दम लागेपर्यंत थांबला नाही.

तुम्हाला वाटलं, खोटं ठरलं की फेकून देतील? तुम्ही? वुल्चीत दोनशे भांडी तुडवणाऱ्या माणसाला हे कळू नये? ज्याला मोल उरत नाही ते फोडतात, मामा. फेकत नाहीत. फेकलेलं कोणीतरी उचलतं.

मला त्याच रात्री बाहेर काढलं. लग्न मोडलं, नोकरी गेली, आणि या धंद्यात लंडनपासून रोमपर्यंत माझं नाव आता कोणी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. कोट तेवढा अंगावर होता, बटण नसलेला.

पण तुम्ही मागितलं होतं, म्हणून सकाळी परत गेलो. मोलकरणीच्या पाया पडून केराच्या पेटीतून तुकडे वेचले. स्वतः पेंढ्यात भरले. पेटी कालच्या गाडीने निघाली आहे. चाळीस वर्षांचा हात आहे तुमचा. जोडा.

क्विरिनो


ऑर्व्हिएतो, ५ मे १९१२

बाळ क्विरिनो,

पेटी पोचली. हे पत्र वेगळ्या हाताने लिहिल्यासारखं वाटेल. बोटं मातीने भरली आहेत.

मोजून एकसष्ट तुकडे. ईस्टरला चर्चलाही गेलो नाही. आधी मान, मग हनुवटीचं टोक, मग केस. कपाळावरचा माझा जुना घाव तसाच होता, कॉन्सुलची काठी तिथं लागलीच नाही. तिच्या नाकाला ओरखडा नाही. डोळे दोन्ही. शेवटी मामीने एप्रनमधून कान काढून दिला आणि मी तो बसवला, खरा कान, खऱ्या जागी. आणि मग बघतो तर नाकाखालपासून हनुवटीपर्यंत भोक.

पेंढा तीन वेळा झटकला. पेटीच्या फळ्या खिळे काढून सुट्या केल्या. चाळणीने धूळ चाळली. आधी वाटलं, चुरा झाला असेल. पण कडा स्वच्छ आहेत. तो तुकडा अख्खा निघालेला आहे, तळहाताएवढा. मग मला उमगलं. एक तुकडा मागे ठेवायचा, हे तुला मीच शिकवलं.

मी वेळ काढत होतो, पण मामीला धीर धरवेना. तिला वास येतो ओल्या मातीचा. खाली आली. मी तिचे हात धरून कपाळावर ठेवले. म्हणाली, "हा तुझा घाव." भुवयांवरून गेली, पापण्यांवरून, नाकावरून, आणि क्विरिनो, ती हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. "हीच," म्हणाली, "हीच ती." मग बोटं खाली आली आणि आत गेली. आत पोकळच की.

"सेत्तिमिओ, हिचं तोंड?"

मी म्हटलं, वाटेत हरवलं. ती बोट तसंच आत ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "इतके महिने मी हिच्या कानात बोलते आहे. म्हणून उत्तर येत नव्हतं होय."

त्या दिवसापासून ती कानात बोलत नाही. माझ्याशीही नाही. मी नव्या मातीचं तोंड तीन वेळा केलं. दर वेळी तिने बोट लावलं आणि मान हलवली. माझे हात ते तोंड विसरले, क्विरिनो. ज्या हातांनी तुझ्यासाठी कान केला, त्यांना पोरीचे ओठ आठवत नाहीत. कान करताना समोर नमुना होता; आता तुझा तो फोटो आहे, पण सपाट.

मी तुझं वाटोळं केलं, कबूल. राबे डॉक्टरांना लिहितो की मीच तुलाही फसवलं, तुला काही ठाऊक नव्हतं. पोलिसांपुढे सांगतो. तळघर, भट्टी, साचे, सगळं तुझ्या नावावर करतो. येऊन माझं थोबाड फोड. तो तुकडा पाठव. मामीला डॉक्टरने उन्हाळा दिला आहे, फार तर ऑगस्ट.

तुझा मामा,
सेत्तिमिओ


२ जून १९१२

मामा,

तुमचं पत्र फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं.

गुरूची विद्या गुरूला. तुकडा माझ्याजवळ आहे, त्याच कोटाच्या आतल्या खिशात. अख्खा आहे, एक टवकासुद्धा उडालेला नाही. दोन हजार मैल हिंडला तरी उडणार नाही, असा गुंडाळला आहे.

विकणार नाही, भिऊ नका. कोण घेतंय? त्याला मोल नाही. फोडणारही नाही. कपाळावर मला हातोडी मारवली नव्हती ते तुम्हीच लिहिलंत. त्या तोंडाने मला 'हो' म्हटलं होतं, तुमच्या तळघराच्या पायरीवर. तुम्ही तेव्हा आत माती मळत होता. ते तुम्ही घडवलंत म्हणून तुमचं झालं नाही, आणि मामीने जन्माला घातलं म्हणून तिचंही नाही. दोन महिने थंडीत बसवून, फोडून, शेणात पुरून तुम्हीच ते माझ्या हाती विकायला दिलंत. मी परत आलो नाही हे माझं पाप. पण विकून झाल्यावर चेहरा आठवायला लागला, हे तुमचं.

राबे डॉक्टरांना काही लिहू नका. आता त्याचा उपयोग नाही. तळघरही नको.

पत्राच्या वर गावाचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी कुठे आहे ते कोर्नेतोच्या त्या दलालाला ठाऊक आहे. तो सहज सांगत नाही, पण ओट्यावर नऊ दिवस बसलं की दहाव्या दिवशी लिहून देतो. तुम्ही जाऊन विचारा. ऑगस्टात जा.

क्विरिनो